तुम्ही विचारलंत म्हणून: फादरच्या शाळेत डार्विन

गोव्यात जीवशास्त्र शिकवणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो. "तुमच्याकडे इतक्या शाळा चर्चच्या, मॅनेजर फादर, भिंतीवर क्रूस. मग डार्विन शिकवताना अडवत नाहीत? अमेरिकेत तर त्यावरून कोर्टकचेऱ्या होतात." तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. अडवत नाहीत. पण एवढ्यावर विषय संपत नाही, कारण प्रश्नाचा रोखच चुकतो. अडचणी आहेत, फक्त तुम्ही बोट दाखवता त्या बाजूने येत नाहीत.

आधी निर्मितीवाद म्हणजे काय ते नीट घेऊ. देवाने जग निर्माण केलं ही श्रद्धा म्हणजे निर्मितीवाद नव्हे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातली सहा दिवसांची कथा शब्दशः खरी धरायची, पृथ्वीचं वय सहा हजार वर्षांच्या आसपास मानायचं, प्रत्येक प्राणी वेगळा घडवला असं म्हणायचं आणि हे सगळं विज्ञानाच्या तासाला शिकवा असा आग्रह धरायचा, हा निर्मितीवाद. वर्षांचा हिशोब सतराव्या शतकातल्या आर्चबिशप जेम्स अशर यांचा. त्यांनी बायबलमधल्या वंशावळी मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी 4004 मध्ये बसवला. अशर प्रोटेस्टंट होते. गोव्यातलं चर्च कॅथलिक आहे आणि कॅथलिक चर्चने ही वाट धरलेली नाही.

1950 साली पोप बारावे पायस यांनी लेखी सांगितलं की माणसाचं शरीर आधीच्या सजीवापासून आलं असेल का, याचा शोध घ्यायला हरकत नाही. आत्मा मात्र थेट देव निर्माण करतो. 22 ऑक्टोबर 1996 ला जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती हे आता नुसतं गृहीतक राहिलेलं नाही असं म्हटलं. 2014 साली फ्रान्सिस म्हणाले की देव म्हणजे कांडी फिरवणारा जादूगार नव्हे. तेव्हा एखाद्या फादरला डार्विन अडवायचाच असेल तर आधी तीन पोपांशी वाद घालावा लागेल.

एक जागा मात्र खरोखर अडखळायची आहे, आणि हुशार मुलं तिथेच बोट ठेवतात. पायस यांनी अख्खी मानवजात एकाच जोडप्यापासून आली ही भूमिका सोडली नव्हती. जनुकशास्त्र सांगतं की आपले पूर्वज कुठल्याही टप्प्यावर दोनच नव्हते, हजारोंच्या संख्येने होते. बायबलमधलं पहिलं जोडपं, आदांव-एवा, मग कुठे बसतं? विज्ञान शिक्षकाने इथे धर्मशास्त्र सांगायला जाऊ नये. कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षण, शिकवणाऱ्या सिस्टरकडे किंवा फादरकडे मुलाला बिनदिक्कत पाठवावं. शिकलेला पाद्री त्याला दाखवून देतो की उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जनावरं आधी आणि माणूस मागून येतो, दुसऱ्या अध्यायात मातीचा पुरुष आधी, जनावरं नंतर आणि स्त्री शेवटी. दोन्ही क्रम एकाच वेळी इतिहास म्हणून खरे असू शकत नाहीत. संपादकांनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले, म्हणजे त्यांना पंचांग लिहायचं नव्हतं. हे पाद्र्याच्या तोंडून ऐकलं की मूल शांत होतं. तेच आपण सांगितलं तर घरी "सर बायबलच्या विरोधात बोलले" असं पोचतं.

आता अमेरिकेचं. तिथलं चित्र आपण सिनेमाच्या पोस्टरसारखं पाहतो, एकीकडे शास्त्रज्ञ आणि दुसरीकडे धर्मगुरू. 1925 साली टेनेसीतल्या डेटन गावी शिक्षक जॉन स्कोप्स यांना उत्क्रांती शिकवल्याबद्दल 100 डॉलर दंड झाला, तेवढंच लक्षात राहतं. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1981 मध्ये आर्कान्सा राज्याने कायदा केला की शाळेत उत्क्रांती शिकवाल तर 'सृष्टिविज्ञान'ही (म्हणजे विज्ञानाच्या नावाखाली निर्मितीवादच) तितकंच शिकवा. त्याविरुद्ध कोर्टात पहिलं नाव लागलं ते रेव्हरंड विल्यम मॅक्लीन यांचं, मेथडिस्ट पाळक. त्यांच्यासोबत वादी म्हणून त्याच राज्यातले मेथडिस्ट, एपिस्कोपल, कॅथलिक आणि आफ्रिकन मेथडिस्ट बिशप होते. 5 जानेवारी 1982 ला न्यायाधीश विल्यम ओव्हरटन यांनी तो कायदा रद्द केला. बिशप कशाला गेले कोर्टात? सरकारी शाळेतल्या मास्तराने आपल्या धर्मग्रंथाचा अर्थ लावावा, हेच त्यांना नको होतं. श्रद्धा पाठ्यपुस्तकात शिरली की तिच्यावर मार्क लागतात, मार्क लागले की ती चूक-बरोबर ठरते आणि दरवर्षी बदलते. कुठल्या धर्मगुरूला ते परवडेल?

पुढे 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा तसाच कायदा सात विरुद्ध दोन मतांनी मोडीत काढला. मग तोच माल 'इंटेलिजंट डिझाइन' (सजीव कुणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले) या नावाने आला. पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीवर शंका घेणारं एक निवेदन वाचायचं ठरवलं; शिक्षकांनी वाचायला नकार दिला, तेव्हा अधिकारी येऊन वाचून गेले. पालक कोर्टात गेले. 2005 च्या डिसेंबरमध्ये मंडळ हरलं आणि विरुद्ध पक्षाच्या वकिलांच्या फीपोटी सुमारे 10 लाख डॉलर भरून बसलं. पालकांच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत जॉन हॉट होते, कॅथलिक धर्मशास्त्राचे प्राध्यापक.

गोव्यात चर्च शाळांवरून कधी भांडलंच नाही असं नाही. चांगलंच भांडलं, पण शिकवण्याच्या भाषेवरून, म्हणजे माध्यमावरून. 1990 च्या धोरणात प्राथमिकचं अनुदान कोकणी-मराठीला बांधलं गेलं, 2011 मध्ये इंग्रजीलाही ते द्यायचा निर्णय झाला आणि त्यावरून निर्णयाच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही रस्त्यावर आले. डार्विनसाठी कोणी मोर्चा काढला नाही, बाजूने किंवा विरोधात.

कायद्याची बाजू सोपी आहे. संविधानाच्या अनुच्छेद 30 प्रमाणे अल्पसंख्याकांना शाळा काढून चालवण्याचा अधिकार आहे. अनुच्छेद 28(3) प्रमाणे अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण पालकांच्या संमतीशिवाय लादता येत नाही. म्हणून तर कॅथलिक मुलं कॅटेकिझमला आणि बाकीची व्हॅल्यू एज्युकेशनला अशी वाटणी दिसते. विज्ञानाचं पुस्तक ठरवतं बोर्ड, आणि गोवा बोर्डाची दहावीला एनसीईआरटीची पुस्तकं आहेत.

खरी गोची तिथे आहे. कोविडनंतर ओझं कमी करायच्या नावाखाली एनसीईआरटीने दहावीच्या 'हेरेडिटी अँड इव्होल्यूशन' (आनुवंशिकता आणि उत्क्रांती) या धड्यातून इव्होल्यूशन काढून टाकलं. 2023 च्या पुस्तकात धड्याचं नाव नुसतं 'हेरेडिटी' उरलं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, हे उत्तर मिळालं. पण दहावीनंतर कॉमर्सला किंवा आयटीआयला जाणाऱ्या मुलाने तो कुठे वाचायचा? गंमत म्हणजे त्या धड्यात उरले ते आनुवंशिकतेचे नियम मांडणारे मेंडेल, आणि मेंडेल होते ऑगस्टिनियन मठातले साधू. मठाच्या बागेत वाटाणे लावून 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले दाणे मोजणारा संन्यासी पुस्तकात राहिला आणि बंगल्यात राहणारा डार्विन गेला. हे चर्चने नाही केलं.

दुसरी अडचण घरातून येते, आणि आपल्या हिंदू घरांतून जास्त. "त्यात काय नवीन, आमच्या दशावतारात आहेच की." पाण्यातला मासा, उभयचर म्हणून कासव, मग वराह, नरसिंह, वामन: ऐकायला चपखल वाटतं. जरा तपासा. कासव उभयचर नाही, ते सरीसृप आहे; उभयचर म्हणजे बेडूक. अर्धा सिंह अर्धा माणूस असा टप्पा कधी नव्हता. सिंह आणि माणूस यांचा समान पूर्वज ना सिंह होता ना माणूस. जीवाणू, झाडं, किडे या यादीत नाहीतच, आणि सजीवांच्या इतिहासाचा बहुतेक काळ जीवाणूंचाच. ही जुळवाजुळव एकोणिसाव्या शतकातली, डार्विनचं पुस्तक 1859 ला आल्यानंतरची. पेडण्यात रात्रभर दशावताराचं नाटक बघणाऱ्याने त्यातल्या संकासुर राक्षसात कधी शरीररचना शोधली नाही, आणि त्याचं काही बिघडलं नाही. 2018 मध्ये केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही म्हणून डार्विन चूक, असं जाहीर केलं, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना संयुक्त निवेदन काढावं लागलं. निर्मितीवादाला बायबलच लागतं असं थोडंच आहे? बिलिव्हर्स (बायबल शब्दशः मानणारे नवे ख्रिस्ती पंथ) मंडळींच्या घरातलं मूल कधी पृथ्वी सहा हजार वर्षांची सांगणारं पत्रक घेऊन येतं, तेही त्याच टोपलीत. वाद घालू नका, मोजायला लावा.

मोजायचं असं. पृथ्वीचं वय 460 कोटी वर्षं. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिन चर्चचा पडका मनोरा मुळात 46 मीटर उंच, मेंडेलच्याच पंथाचा. एक मीटरला 10 कोटी वर्षं धरा. शाळेच्या व्हरांड्यात 46 मीटर सुतळी अंथरली तरी चालेल, पण मनोरा डोळ्यांपुढे पटकन उभा राहतो. पायापासून साधारण 11 मीटरवर जीवाणूंच्या ठळक खुणा. डायनासोर संपले ते माथ्यापासून 66 सेंटिमीटर खाली. आपली जात शेवटच्या 3 मिलिमीटरमध्ये. अशरांची सहा हजार वर्षं 0.06 मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पानाच्या जाडीहूनही कमी. खुणा मोजपट्टीने करा, पावलांनी नको.

नैसर्गिक निवडीसाठी डाळ पुरते. चार मुलांच्या गटाला अर्धा मीटर हिरवं छापील कापड, 20 मूग आणि 20 मटकी. एक मूल पक्षी. त्याने चिमटीने एकेक दाणा उचलत 20 दाणे काढायचे. उरलेल्या 20 मोजा, समजा 13 मूग आणि 7 मटकी. प्रत्येक उरलेल्या दाण्याला त्याच जातीचं एक पिल्लू: 26 आणि 14. असे तीन फेरे, प्रत्येक फेरीची नोंद फळ्यावर. चौथ्या फेरीला कापड काढून खाली तपकिरी गोणपाट घाला; मटकीचे दिवस परत येतात. कोण श्रेष्ठ हे जमिनीवर ठरतं, ते इथे कळतं.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. पक्षी मूठ भरून उचलतो, मग निवड होतच नाही. कापड एकरंगी आणि नवंकोरं असेल तर ट्यूबलाइटखाली मूगही लख्ख दिसतात. घडीत दाणे लपले की मोजणी चुकते, म्हणून कडा बाकाला चिकटपट्टीने लावा. एका गटाला मुद्दाम पाच-पाचच दाणे द्या. तिथे निकाल नशिबावर जातो आणि लहान लोकसंख्येत योगायोग किती चालतो ते दिसतं. सगळ्यात मोठी चूक वहीत होते: "मुगाने हिरवा रंग घेतला." हे वाक्य तिथल्या तिथे खोडा. एकाही मुगाने काहीही घेतलं नाही, प्रमाण बदललं.

उत्क्रांती म्हणजे चढती शिडी हा समज मोडायला आपल्याच मातीतला प्राणी आहे, देवगांडूळ, बेडकासारखाच एक उभयचर. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) खणताना निघतो तेव्हा लोक गांडूळ किंवा साप समजतात. त्याला कणा आहे, जबडा आहे, दात आहेत, पाय नाहीत. म्हादई परिसरातली एक जात 2007 मध्ये नव्याने नोंदली गेली. अमेरिकेतल्या ॲरिझोनात सापडलेल्या त्याच्या ज्युरासिक काळातल्या नातेवाइकाला, इओसिसिलियाला, छोटे पाय होते. मातीत राहणाऱ्याला ते नडले, गेले. काढून टाकलेल्या पानांत 'उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे' असा एक भाग होता. तो वाचला असता तर दशावताराचा घोळही सुटला असता.

हे सगळं तीन तासांत बसतं: पहिला मनोऱ्याचा, दुसरा डाळीचा, तिसरा देवगांडूळ आणि प्रश्नांचा. "मग देव आहे की नाही?" हा प्रश्न तिसऱ्या तासाला येतोच. विज्ञान याचं उत्तर देत नाही, हे एका वाक्यात सांगून पुढे जा. त्यावर दहा मिनिटं बोललात तर दुसऱ्या दिवशी पालक दारात. धड्याच्या जुन्या प्रती शाळेच्या ग्रंथालयात अजून मिळतात, 2021-22 ची किंवा आधीची बघा. लेसन नोट्समध्ये विषय 'उत्क्रांती' असाच स्वच्छ लिहा. एडीईआय (सहायक जिल्हा शिक्षण निरीक्षक) तपासणीला आले तर पोर्शन पुरं झालं का एवढंच विचारतात. तास घ्यायचे ते हेरेडिटी संपल्या-संपल्या. प्रिलिम जवळ आली की जे पोर्शनमध्ये नाही त्याला मुलं बसत नाहीत.