सफाई.लॉग आणि उघडा स्टार

सर्व्हरची डिस्क भरत आली, तेव्हा जुन्या लॉग फायली (प्रोग्रामच्या कामाच्या नोंदी) शोधण्याचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी मी नेहमीप्रमाणे मुख्य फोल्डरमध्ये जाऊन «फाइंड . -नेम *.लॉग» ही कमांड चालवली: टिंब म्हणजे चालू फोल्डर, तिथून खालच्या सगळ्या उपफोल्डरांत शोध, आणि स्टार म्हणजे कोणतेही नाव, फक्त शेवटी «.लॉग» हवे. शेकडो नावे अपेक्षित असताना एकच आले: «./सफाई.लॉग». उपफोल्डरांत डोकावून पाहिले, तर बाकीच्या फायली जागच्या जागी होत्या.

परवानगीची अडचण असेल असे वाटून मी त्रुटींचे संदेश एरर.लॉग या फायलीत वळवले, पण ती रिकामीच राहिली. मग मूळ कमांड पुन्हा चालवली, तर आता एक नावही न देता ती, शोधाचा मार्ग अटींच्या आधी लिहावा, अशी तक्रार करू लागली. मार्ग, म्हणजे ते टिंब, तर मी आधीच लिहिला होता, आणि कमांडमध्ये एका अक्षराचाही बदल केलेला नव्हता.

बराच वेळ वाया गेल्यावर कमांडच्या आधी «एको» (पुढचे शब्द न चालवता नुसते छापणारी कमांड) लावून पाहण्याचे सुचले. उमटले ते असे: «फाइंड . -नेम एरर.लॉग सफाई.लॉग». स्टार कुठेच नव्हता! फाइंडच्या हाती काही पडण्याआधीच शेल, म्हणजे आपण लिहिलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, त्या स्टारच्या नमुन्याच्या जागी चालू फोल्डरमधली जुळणारी नावे भरत होता. एकच नाव जुळले तेव्हा फाइंडने इमानाने सगळीकडे तेवढेच शोधले. माझ्याच खटपटीतून दुसरी फाइल जन्मल्यावर ते जादा नाव त्याला भलत्या जागी लिहिलेला मार्ग वाटले. इतर सर्व्हरांवर हीच कमांड चालत आली, कारण तिथे चालू फोल्डरमध्ये एकही लॉग फाइल नसे, आणि काहीच जुळले नाही तर बॅश हा माझा शेल नमुना जसाच्या तसा पुढे पाठवतो. (झेड-शेल हा दुसरा शेल अशा वेळी सरळ त्रुटी देतो, त्याचा हा हेकटपणा मला आता आवडू लागला आहे.)

नमुना एकेरी अवतरणचिन्हांत घातल्यावर पूर्ण यादी आली. तिच्यात टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या लॉग फायलीही होत्या. शेलचा स्टार त्या एरवी वगळतो, ग्नू फाइंडचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइंडचा) मात्र घेतो.

त्यानंतर मी रोज रात्री चालणारी सफाईची स्क्रिप्ट उघडली. तीस दिवसांहून जुन्या लॉग फायली पुसणारी तिची ओळही अवतरणचिन्हांविनाच होती, आणि ती स्वतःची नोंद त्याच फोल्डरमधल्या सफाई.लॉगमध्ये करीत होती. म्हणजे ती रोज रात्री फक्त आपलीच फाइल शोधत होती, आणि ती फाइल रोज ताजी असल्यामुळे स्क्रिप्ट काहीच पुसत नव्हती.