कोरणाऱ्याच्या हाताची रेघ

जुनी अमेरिकन टपाल तिकिटं जमवतो म्हटलं की समोरचा पहिल्यांदा उलट्या विमानाबद्दलच विचारतो. १९१८ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनमधल्या पोस्टाच्या खिडकीवर विल्यम रोबीच्या हाती आलेला तो शंभर तिकिटांचा ताव, ज्यावर विमान उलटं छापलं गेलं होतं. चोवीस डॉलरला घेतला आणि थोड्याच दिवसांत १५,००० डॉलरला विकला. २०२३ मध्ये त्यातल्या एकट्या तिकिटाला वीस लाख डॉलरच्या वर किंमत आली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयात मी ते काचेमागे पाहिलंय, मन भरेपर्यंत पाहिलंय. तरी माझा जीव त्यात नाही. दोन रंगांसाठी कागद दोनदा छापावा लागतो आणि दुसऱ्या वेळी एक ताव उलटा गेला, एवढीच ती गोष्ट. १८६९ च्या दुरंगी तिकिटांतही असंच झालं होतं; पंधरा, चोवीस आणि तीस सेंटची तिकिटं उलट्या छपाईची सापडली आहेत.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे-हत्यारं बनवतात तिथे गेली. डाय, पंच, पोलादाला पाणी देणं म्हणजे ते कडक करणं, यातच हात काळे झाले. म्हणून मला कागद कसा फिरला यापेक्षा छपाईची प्लेट कशी तयार झाली याचं वेड जास्त.

त्या काळची पद्धत अशी. मऊ पोलादाच्या छोट्या ठोकळ्यावर, म्हणजे डायवर, कारागीर एकच चित्र उलटं कोरायचा. मग तो ठोकळा कडक करायचा. त्यावर मऊ पोलादाचा रोलर दाबून फिरवला की चित्र रोलरवर उठायचं. रोलरलाही पाणी द्यायचं, आणि तो मोठ्या प्लेटवर एकेका जागी दाबत जायचं. दोनशे तिकिटांची प्लेट म्हणजे दोनशे वेळा तेच काम, आणि प्रत्येक वेळी दाब नेमका तेवढाच पडायला हवा. रोलर केसभर सरकला की रेघा दुहेरी उमटतात. कमी दाबला गेला की कड पुसट येते. डायवर काम केलेल्याला हे वाचून समजावं लागत नाही, ते बोटांना माहीत असतं.

यातलं सगळ्यात श्रीमंत तिकीट माझ्या मते १८५१ चं तीन सेंटचं, जॉर्ज वॉशिंग्टनच्या चित्राचं. पैशाने नव्हे, साधा लाल नग आजही पंधरा-वीस डॉलरमध्ये मिळतो. १ जुलै १८५१ पासून आगाऊ पैसे भरलेल्या साध्या पत्राचा दर तीन सेंटवर आला आणि न भरलेल्याचा पाच सेंट राहिला. मग लोक तिकीट लावायला लागले आणि फिलाडेल्फियाच्या टॉपन, कारपेंटर, कॅसिलियर या छापखान्याला ही तिकिटं कोट्यवधींनी छापावी लागली. पण रोलरवरून चौकटीच्या बारीक रेघा नीट उतरत नव्हत्या. तेव्हा कारागिरांनी प्लेटवरच त्या हाताने पुन्हा कोरल्या, जवळजवळ प्रत्येक तिकिटाच्या! त्यामुळे एकाच प्लेटवरची दोन तिकिटं तंतोतंत सारखी नाहीत. कॅरोल चेस नावाच्या डॉक्टरांनी सुटी तिकिटं जुळवत त्यांच्या प्लेटवरच्या हजारो जागा निश्चित केल्या आणि १९२९ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. त्या कामापुढे मी हात जोडतो.

माझ्याकडच्या एका नगाबद्दल सांगतो. तिकीट पाकिटावरच आहे, चारही बाजूंना कात्रीने कापलेलं, कारण तेव्हा भोकं पाडलेली नसायची. दहा पट भिंगाखाली चित्राच्या वरच्या डाव्या भागातल्या छोट्या त्रिकोणात दोन रेघा जादा दिसतात. पहिली सरळ, ठाम. दुसरी शेवटाकडे किंचित वर गेलेली, अवजार पोलादावरून निसटताना जशी जाते तशी. या त्रिकोणात पाच रेघा कोरलेला प्रकारही आहे आणि संग्राहक त्याच्या मागे असतात. मला ही दोन रेघांचीच प्यारी.

प्लेटची चूक किती दूर जाऊ शकते ते पाहायचं तर १९१७ मध्ये या. दोन सेंटच्या एका प्लेटवर, क्रमांक ७९४२, तीन जागा बिघडलेल्या आढळल्या. त्या पुसून पुन्हा रोलर दाबला, पण उचलला गेला पाच सेंटचा. दोन्हींवर वॉशिंग्टनच, चौकटही सारखीच. परिणामी दोन सेंटच्या लाल तावात तीन तिकिटं पाच सेंटची आली, एरवी निळी असणारी. रॅकवरून शेजारचं हत्यार उचललं जाणं म्हणजे काय हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. उलट्या विमानापेक्षा मला ही चूक कितीतरी मोठी वाटते.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी १८४७ च्या पहिल्या जोडीच्या, म्हणजे पाच सेंट फ्रँकलिन आणि दहा सेंट वॉशिंग्टनच्या, मागे एकदम धावू नये. १८७५ मध्ये सरकारनेच नव्या डायवरून त्यांच्या प्रतिकृती काढल्या. फ्रँकलिनच्या शर्टाची पांढरी झालर डावीकडे चित्राभोवतीच्या लंबगोलाला कुठे टेकते ते बघा: अस्सल तिकिटावर ‘फाइव्ह’मधल्या एफच्या माथ्याच्या पातळीवर, प्रतिकृतीत पाचच्या आकड्याच्या माथ्याजवळ. शिवाय १८५७ नंतरच्या भोकांच्या तिकिटांच्या कडा कापून ती जुनी म्हणून खपवणारेही आहेत. महाग नग घेताना तज्ज्ञांचं प्रमाणपत्र मागाच, त्यात भिडेखातर गप्प बसू नका.

सध्या मी १८५१ च्या नारिंगी-तपकिरी छटेतली आडवी जोडी शोधतोय. ही छटा पहिल्या काही महिन्यांतली. जोडीच हवी, कारण दोन तिकिटं शेजारी असली की मधलं अंतर आणि दोन्हींच्या रेघा मिळून प्लेटवरची जागा पटकन पक्की करता येते. शिक्का हलका असावा आणि तो त्रिकोणांवर नसावा. कागदाला घडी असली तरी चालेल.