चाकांची नोंद ७: मागचे १०४ अंश विसरा

पुतण्याच्या स्केटबोर्डची चाकं मी घरीच पॉलियुरेथेनची (रबरासारखं प्लास्टिक) ओततो, आणि त्याच्याच चाचणी डिस्कवर पाण्याचा थेंब किती कोनात बसतो ते मोजतो: कोन मोठा, म्हणजे पृष्ठभागाला पाणी नको. पॉलियुरेथेनची साखळी कडक आणि मऊ तुकड्यांची, म्हणजे खंडांची, असते. आधी कबुली. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की साच्याला टेकलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब १०४ अंशांचा कोन करतो आणि हवेकडच्या बाजूवर ९०चा, म्हणजे कडक आणि मऊ खंडांची वाटणी दोन्हीकडे वेगळी. निष्कर्ष बरोबर असेलही, पुरावा फुसका निघाला. ते १०४ पॉलियुरेथेनचे नव्हतेच. साच्यातल्या सिलिकॉनचे होते.

कळलं असं: काचेची स्वच्छ स्लाइड घेतली, तिच्यावर पाणी पसरून पातळ होतं हे पाहिलं, कोरडी केली आणि रात्रभर साच्यावर पालथी घातली. सकाळी त्याच काचेवर थेंब ऐटीत गोल बसला. साचा पक्का झाला तरी त्यात न जोडलं गेलेलं सिलिकॉन तेल उरतं, ते पाझरतं, आणि त्याची पृष्ठऊर्जा (पृष्ठभागाची दुसऱ्या पदार्थांना ओढून धरण्याची ताकद) इतकी कमी की जिथे जाईल तिथे वर येऊन बसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्क पुसून पाहिली, ढिम्म फरक नाही. १०४ म्हणजे काही अळवावरचं पाणी नव्हे, पण चाकाच्या रबराबाबत संशय यावा इतकं नक्कीच. मला तो तेव्हा आला नाही.

आता साचाच बाद. ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीटवर चार मिलिमीटर जाडीच्या डिस्क ओततोय. थोडा जोर लावला की सुटतात. मिश्रण तेच: एमडीआय या आयसोसायनेटचं (यातून कडक खंड होतात) प्रीपॉलिमर, म्हणजे अर्धवट जोडलेलं मिश्रण; पीटीएमईजी हा लांब साखळीचा पॉलिऑल, तो मऊ खंड; आणि छोटा डायऑल चेन एक्स्टेंडर, म्हणजे साखळी लांबवणारा जोड, म्हणून. पुतण्याच्या स्केटबोर्डच्या चाकांना हेच वापरतो.

पहिल्या दोन डिस्क फेकून दिल्या. जुलै, फोंडा, खोलीत आर्द्रता ८८ टक्के; डिस्क कापली तर आत जाळीदार घावनासारखी भोकं. हिशेब करून बघा: १ ग्रॅम पाणी जवळजवळ १४ ग्रॅम एमडीआय खातं आणि १.३ लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. भोकं दिसतात तरी. न दिसणारा घोटाळा असा की त्या वाटेने साखळीत युरेथेनच्या जोडाऐवजी युरियाचा जोड तयार होतो, आणि युरियाचे खंड हायड्रोजन बंधांनी एकमेकांना जास्त घट्ट धरतात. म्हणजे ओलसर दिवशी ओतलेली डिस्क आणि कोरड्या दिवशी ओतलेली डिस्क हे एकाच कृतीचे दोन वेगळे पदार्थ. तुलना कसली करणार? आता पॉलिऑल आणि डायऑल गरम करून व्हॅक्यूमखाली ठेवतो, पंप जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरचा. ओव्हन वेगळा, त्यात पाव गरम करायचा नाही असं आईला तीनदा सांगून झालं. मास्क आणि उघडी खिडकी हे सांगायला नको. पाऊस आत येतो तो येऊ दे.

डिस्क ३ ते ८ जमल्या. इन्शुलिनच्या सिरिंजने थेंब, मागे ट्यूबलाइट, समोर फोनला मॅक्रो भिंग, कोन इमेजजे या फोटो मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर. हवेकडची बाजू सरासरी ९१, शीटकडची ८३. थेंबागणिक तीन अंश इकडे-तिकडे होतात, तेव्हा आठ अंशांचा फरक छातीठोकपणे सांगता येतो असं नाही. पण सहाही डिस्कमध्ये तो एकाच दिशेला आहे.

दिशा पटणारी आहे. कडक आणि मऊ खंड एकाच साखळीत ओवलेले असले तरी त्यांचं जमत नाही. कडक खंड आपापले गट करून बसतात, साधारण दहा नॅनोमीटरच्या अंतराअंतराने. हवेला ध्रुवीय, म्हणजे पाण्याशी जमणारं, काही नको असतं, आणि कडक खंड जास्त ध्रुवीय, म्हणून मऊ खंड वर येतो. एक्सपीएस (पृष्ठभागावर क्ष-किरण टाकून तिथली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) हे ज्या युक्तीने ओळखतं ती मला फार आवडते: नायट्रोजन फक्त आयसोसायनेटकडून आणि त्याच्यापासून झालेल्या खंडांतूनच येतो, तेव्हा वरच्या थरात नायट्रोजन कमी भरला की समजायचं, वर मऊ खंड आहे. ते यंत्र वरचे जेमतेम दहा नॅनोमीटर वाचतं. थेंब तर त्याहूनही वरवरचं बोलतो, म्हणून तेलाच्या पुसट थराने मला फसवलं.

खरी गंमत डिस्क ५ची. तीन दिवस पाण्यात ठेवली, टिपून लगेच मोजली: हवेकडची बाजू ९१वरून ८४. वर पाणी आलं म्हटल्यावर ध्रुवीय खंड तोंड वर काढतात. थेंब सिरिंजने परत ओढून घेतला तेव्हा त्याची कड जागची हललीच नाही; थेंब चपटा होत गेला, पापडासारखा, आणि शेवटी एक ओला डाग उरला. कोरड्या डिस्कवर कड निदान सरकत तरी होती. साठ अंशांवर रात्रभर सुकवून, आठवडाभर सिलिका जेलमध्ये ठेवल्यावर कोन पुन्हा ८९. म्हणजे पृष्ठभागाची रचना एकदाच ठरून जात नाही, शेजार बदलला की ती फिरते.

कडकपणाचं थोडक्यात: ओव्हनमधून काढल्यावर शोर ए (रबराच्या कडकपणाचं माप) ७१, सातव्या दिवशी ७८. यात उरलेली रासायनिक क्रिया किती आणि खंडांचं सावकाश वेगळं होणं किती, हे ड्युरोमीटर (कडकपणा मोजणारं यंत्र) सांगत नाही. पण पहिल्याच दिवशी चाक बोर्डाला लावू नका. पुतण्याने लावलं, मिरामारला एका दुपारीत एका बाजूने सपाट झालं.

डिस्क ९ परवापासून मिठाच्या पाण्यात आहे. चवथीच्या सामानाखाली बरणी दिसली की वहिनी विचारते, मी लोणचं म्हणून सांगतो. रविवारी बाहेर काढतो.