भाजल्याचा वण, स्टेम सेलचं पॅकेज आणि माझे दोन वर्ष (माझा अनुभव, नागपूर)

२०२३ च्या श्रावणात आमच्याकडे गोळाभात होता, घरी पंधरा-सोळा माणसं, आणि फोडणीच्या तेलाची कढई उतरवताना माझ्या हातून सांडशी सुटली. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. घाईघाईत घरच्यांनी टूथपेस्ट लावली. ती लावायला नको होती, वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरायला हवा होता, हे मला फार उशिरा कळलं म्हणून सगळ्यात आधी तेच लिहून राहिली आहे.

जखम भरायला पाच आठवडे लागले. भाजलेली जखम तीन आठवड्यांच्या वर गेली की तिथला वण फुगायची शक्यता बरीच वाढते, पण तेव्हा हे कोणी बोललं नाही, सगळे म्हणाले चला भरली एकदाची. दिवाळीनंतर तो वर यायला लागला, लालजांभळा, टणक, कातडीखाली सुतळी गुंडाळून ठेवल्यासारखा. मनगट मागे वळेना, पोळी लाटताना ओढ बसायची. पण दुखण्यापेक्षा खाज. रात्री दोन वाजता उठून बर्फ फिरवायची आणि तो विरघळला की पुन्हा तेच.

जानेवारीत आम्ही शहरातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. "मॅडम, तुमच्याच पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढू, वणात सोडू, नवीन स्किन येईल." स्टेम सेल म्हणजे शरीरातल्या अशा मूळ पेशी, ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात. तीन सिटिंग, एक लाख ऐंशी हजार. ह्यांनी एफडी मोडायची तयारी केली, मी वीस हजार ॲडव्हान्स भरूनही आले. मला तेव्हा कोणी तीन लाख सांगितले असते तरी मी हो म्हटलं असतं, इतकी त्या खाजेने थकून गेली होती.

संमतीचा फॉर्म वाचायला घरी आणला होता. माझी पुतणी बी.फार्म. करते, तिने दोन्ही पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "काकू, यावर सीटीआरआय नंबर काहून नाही?" मला ते नावही माहीत नव्हतं. भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे माणसांवर होणाऱ्या उपचारांच्या चाचण्यांची, ती सरकारी नोंदवही, २००७ पासून आहे, आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था चालवते, आणि कोणीही फुकट उघडून शोधू शकतो. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघी मोबाईलवर शोधत बसलो, त्या क्लिनिकचं नाव कुठेच निघालं नाही.

मग तिने आयसीएमआर आणि बायोटेक्नॉलॉजी विभागाची २०१७ ची स्टेम सेलची मार्गदर्शक तत्त्वं काढून दाखवली. रक्ताच्या आजारांत जे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात ते मान्य उपचार. वणावर स्टेम सेल सोडायचे असतील तर ते फक्त ट्रायल म्हणून, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, नोंदणी करून, आणि पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. हे वाक्य मी तीनदा वाचलं. ज्या गोष्टीचे पैसेच घ्यायचे नाहीत तिच्यासाठी आम्ही एफडी मोडायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, सेल कुठल्या लॅबमध्ये मोजता, नोंदणी कुठे आहे. आधी म्हणाले हे रिसर्च नाही मॅडम, ट्रीटमेंट आहे, आणि मी सोडेना तेव्हा म्हणाले बरं, मग पीआरपी करू, ते पण तेच असतं. ते तेच नसतं. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट, त्यात स्टेम सेल म्हणून काही विकायचं नसतं. सहा चकरा मारून वीसातले बारा हजार परत मिळाले. बाकीचे "कन्सल्टेशन" मध्ये गेले, त्याचा राग अजून आहे.

मग धंतोलीत एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी वणाची कड बोटाने चाचपली आणि सांगितलं हा हायपरट्रॉफिक आहे, किलॉइड नाही, म्हणजे जिथे भाजलं त्या हद्दीतच फुगलाय, बाहेरच्या चांगल्या कातडीवर चढलेला नाही. स्टेम सेलचं मीच विचारलं आणि त्यांनी उडवून न लावता समजावलं. चरबीतही अशा पेशी असतात हे २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. वणात गेल्यावर त्या पेशी स्वतः नवी कातडी बनतात असं फारसं होत नाही, त्या आजूबाजूला रसायनं सोडतात, सूज कमी होते, टीजीएफ-बीटा नावाचा जो सिग्नल फायब्रोब्लास्टला (वण बनवणाऱ्या पेशींना) कोलॅजन, म्हणजे वणातलं टणक प्रथिन, बनवत राहा म्हणून सांगतो तो मंदावतो. सशाच्या कानावरच्या वणांत हे चांगलं दिसलंय. माणसांवरचा अभ्यास अजून छोटा आहे. "उद्या हेच उपचार येतील, मलाही वाटतं. पण आज तुमच्या हातावर जे खात्रीचं आहे ते आधी करू."

खात्रीचं म्हणजे वणावर चिकटवायची सिलिकॉन शीट, प्रेशर गारमेंट (वण दाबून ठेवणारी घट्ट बाही) आणि वणातच द्यायची ट्रायअॅम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं.

इंजेक्शनबद्दल नीट लिहिते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. औषध दुधासारखं पांढरं, सुई बारीक, पण वण इतका टणक की पहिल्या वेळी डॉक्टरांचा अंगठा पिस्टनवर थरथरत होता आणि औषध आत जाईना. मग गेलं तेव्हा तेवढा भाग फटकन पांढरा पडला, आणि दुखतं, खूप दुखतं, मी ह्यांच्या शर्टाची बाही धरून बसले होते. साडेचार-पाच आठवड्यांच्या अंतराने अशी पाच वेळा. दुसऱ्या वेळेनंतर माझी पाळी दहा दिवस लांबली, मी घाबरून फोन केला तर कळलं या औषधाने असं होऊ शकतं. शुगर असणाऱ्यांनी तर आधीच सांगायला पाहिजे, ती वाढते. पण तिसऱ्या इंजेक्शननंतर एक दिवस सकाळी जाग आली तेव्हा लक्षात आलं की मी रात्रभर झोपले, खाजेने उठलेच नाही. त्या दिवशी मी खूप रडले.

गारमेंट मापाची शिवून घेतलेली, दिवसाचे तेवीस तास घालायची. नागपूरचा मे, पारा पंचेचाळीसला, कूलरसमोर बसूनही बाहीच्या आत घाम. सिलिकॉनची शीट रोज साध्या साबणाने धुवायची, पुसायची नाही, चिकटपणा जातो, म्हणून मी ती स्टीलच्या ताटलीत उलटी ठेवून वाळवायची, आणि वाळेपर्यंतचा तो एक तास हात मोकळा. सासूबाई त्या तासात खोबरेल तेलाने हळूहळू चोळून द्यायच्या, रोज, एकही दिवस चुकवला नाही त्यांनी.

वर्षभराने वण मऊ आणि बराच सपाट झाला, मनगटाजवळची ओढ मात्र राहिली. तिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅनोफॅट केलं. पोटाची थोडी चरबी काढून दोन सिरिंजमधून इकडून तिकडे ढकलत पातळ करायची, गाळायची आणि वणाखाली सोडायची. ही पद्धत बेल्जियमच्या पॅट्रिक टोनार्ड यांनी २०१३ मध्ये मांडली. त्यात चरबीच्या पेशी बहुतेक मरतात पण स्टेम सेल उरतात. म्हणजे ज्याचं पॅकेज मला विकत होते त्याच्या जवळचीच गोष्ट शेवटी झाली, पण सर्जननी कागदावर "फॅट ग्राफ्टिंग" एवढंच लिहिलं, स्टेम सेल थेरपी हा शब्द वापरला नाही, आणि नवीन स्किन येईल असं एकदाही म्हणाले नाहीत. ओढ कमी होईल, किती ते सहा महिन्यांनी बघू, एवढंच बोलले.

दर महिन्याच्या पंधरा तारखेला पुतणी त्याच खिडकीपाशी हाताचा फोटो काढते. ऑगस्टच्या फोटोत मनगट उजव्याइतकं नाही, पण पोळपाटावर तळवा सपाट टेकतो एवढं मागे वळतंय. रंग अजून वेगळाच आहे. कोपराजवळ दोन बोटांएवढा टणक भाग राहिलाय, त्याचं सहावं इंजेक्शन पुढच्या सोमवारी आहे.