मॅक्लॉक्लिन यांची गिटार

स्मरणिका समितीने मनोगत मागितलं, पण विषयाची सक्ती केली नाही. शाळेच्या आठवणी माझ्याहून चांगल्या सांगणारी मंडळी या अंकात आहेतच. संगीताच्या खोलीत हल्ली तबला-पेटीशेजारी गिटारही दिसते, म्हणून मी जॉन मॅक्लॉक्लिन यांच्यावर लिहितो आहे. गिटार शिकणाऱ्या मुलांनी तबल्याच्या तासाला का बसावं, याचं इतकं नेमकं उत्तर दुसऱ्या कुणा जाझ गिटारवादकाकडे सापडणार नाही.

जन्म 4 जानेवारी 1942चा, इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा. आई व्हायोलिन वाजवायची. अकराव्या वर्षी गिटार हातात आली, पुढचं बरंचसं शिक्षण स्वतःचं स्वतःच. लंडनमध्ये मिळेल त्या बँडमध्ये आणि स्टुडिओत कामं केली. 1969च्या फेब्रुवारीत ड्रमर टोनी विल्यम्सच्या बँडसाठी ते न्यूयॉर्कला आले आणि लगेचच जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 'इन अ सायलेंट वे' या आल्बमच्या ध्वनिमुद्रणाला जाऊन बसले. शीर्षक-रचनेत कीबोर्डवादक जो झाविनुल यांनी भरपूर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, लिहिल्या होत्या. डेव्हिसनी त्या गाळल्या आणि गिटार येतच नाही अशा थाटात वाजवायला सांगितलं, असं मॅक्लॉक्लिन सांगतात. त्यांनी धरली साधी ई मेजर, नवशिका पहिल्या काही दिवसांत शिकतो ती. जाड तारेपासून बघा: ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. ई हा षड्ज धरला तर सा प सा ग प सा. तानपुरा लावून ठेवल्यासारखंच झालं की!

1971 साली त्यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड काढला. 'महाविष्णू' हे त्यांचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं नाव. सहा आणि बारा तारांची दोन मानांची गिब्सन गिटार, कानठळ्या बसवणारा आवाज आणि 18 मात्रांसारखी आवर्तनं. लोकप्रियता अफाट मिळाली, पण पहिला संच 1973च्या अखेरीस फुटला. मला या काळातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नाव झालेला हा माणूस अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता.

वीणेवर तार ओढून गमक काढता येते, कारण पडदे उंच असतात आणि खाली बोटाला जागा असते. गिटारचे फ्रेट बुटके, बोट लाकडाला घासतं. भारतीय वादकांबरोबरच्या त्यांच्या 'शक्ती' या बँडसाठी गिब्सन कंपनीतल्या एब वेक्टर यांनी जी गिटार बनवली, तिच्यात फ्रेटांमधलं लाकूड कोरून खोलगट केलं आणि पुढच्या गोल छिद्रावर तिरप्या सात जादा तारा बसवल्या. त्या रागाप्रमाणे लावायच्या, अधूनमधून छेडायच्या, एरवी त्या झंकारत राहतात. अशा कोरलेल्या पट्टीची एक खोड आहे: बोट जरा जास्त दाबलं की सूर चढतो. एकेक तारेवर ते सांभाळता येतं. चार बोटांनी कॉर्ड धरली आणि दाब सारखा नसला तर कॉर्ड बेसूर. 'शक्ती'त कॉर्ड कमी आणि एकतारी चाल जास्त, याचं एक कारण मी तरी हेच धरतो.

'शक्ती' 1975 ते 77 या काळात चालली. व्हायोलिनला एल. शंकर, तबल्याला झाकीर हुसेन, घटमला विनायकराम. 1997 नंतर ती 'रिमेंबर शक्ती' या नावाने परत आली, मँडोलिनवर यू. श्रीनिवास, पुढे गायनाला शंकर महादेवन. मुंबईतल्या त्यांच्या मैफलींचा 2001चा आल्बम जरूर ऐका, त्यात शिवकुमार शर्मांचं संतूर आहे. 2023च्या 'धिस मोमेंट' या आल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले.

आता तालाचं. मॅक्लॉक्लिन यांनी कोन्नकोल, म्हणजे बोल तोंडाने म्हणून हिशेब पक्का करण्याची दक्षिणेची पद्धत, इतकी मनावर घेतली की घटमवादक विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वगणेश यांच्याबरोबर तिचे धडेच काढले. शाळेतल्या मुलांसाठी एक सोपी तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपणारा बोल, देतो. तीनताल, हाताने टाळी-खाली. 'त दि गि न तोम', मात्रेला एक अक्षर, समेपासून सुरू. पाच मात्रा बोल, सहावी रिकामी. सात ते अकरा बोल, बारावी रिकामी. तेरापासून पुन्हा बोल, की शेवटचा 'तोम' सतराव्या मात्रेला, म्हणजे पुढच्या समेवर. चूक ठरलेली: उत्साहात दोन्ही रिकाम्या मात्रा खाल्ल्या जातात आणि तिहाई पंधराव्यावरच संपते. म्हणून आधी तोंडाने, मग एकाच तारेवर, मग सुरांत.

आपला तबला काळी एकमध्ये लावलेला असेल तर ई मेजरचा उपयोग नाही, ती पांढरी तीन. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, चौथ्या फ्रेटवर लावा आणि ए मेजरचा आकार धरा. सहावी तार सोडून पाचवीपासून सा प सा ग प मिळतात. यातला गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्शाने चढा असतो. कान तयार झाला की तो टोचतो. तेव्हा ग ची तार सोडून नुसते सा-प छेडावेत.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं, काढायची तर तारांचा बारा नंबरचा जाड संच नको, त्यातली तिसरी तार गुंडाळलेली असते आणि ओढवत नाही. दहाचा संच आणि तिसरी तार साधी पोलादी घ्या. उतरती मींड हवी असेल तर तार आधी ओढून ठेवून मग छेडावी लागते, कारण ओढून सूर चढतोच, उतरत नाही. आणि हे सगळं वाचून शाळेच्या गिटारवर कानस चालवू नका. पट्टी कोरायची ती कारागिराकडून, तीही आधी बाराव्या फ्रेटच्या पुढचीच.