पिंग पोचत होतं, पण परत येत नव्हतं – स्टॅटिक राउटचा माझा अनुभव

स्टॅटिक राउट (अमुक नेटवर्ककडे कोणत्या वाटेने जायचं हे राउटरला आपण हाताने सांगणं) म्हणजे एका ओळीची कमांड, पण तिच्यापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि राउटर नेमकं काय करतो ते त्याच संध्याकाळी डोक्यात बसलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तीन राउटर एका ओळीत, दोन्ही टोकांना एकेक पीसी. डावीकडचं नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४, उजवीकडचं १९२.१६८.३०.०/२४, मधल्या दोन लिंक १०.०.१२.०/३० आणि १०.०.२३.०/३०. स्वतःच्या पोर्टला जोडलेली नेटवर्क राउटरला आपोआप कळतात, त्यापलीकडचं आपण सांगायचं. म्हणून पहिल्याला सांगितलं की १९२.१६८.३०.० (पुढे नुसतं ३०.०) चं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, १०.०.१२.२ कडे, म्हणजे मधल्या राउटरकडे दे, मधल्याला सांगितलं १०.०.२३.२ कडे, म्हणजे तिसऱ्याकडे दे, आणि तिसऱ्याला तर ते नेटवर्क थेटच जोडलेलं, त्याला काही सांगायची गरज नाही असं मी धरून चाललो.

डाव्या पीसीवरून उजव्याला पिंग केलं (रिक्वेस्ट पाठवून रिप्लाय येतो का ते बघितलं) तर चारही वेळा रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे वेळेत रिप्लाय नाही. केबल, मास्क, गेटवे सगळं दोनदा बघितलं, सगळं बरोबर. मग मधल्या राउटरवरून उजव्या पीसीला पिंग केलं तर ते लगेच गेलं! मी सगळ्यात जास्त गोंधळलो ते इथे.

शेवटी उजव्या पीसीवर वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं. बघतो तर रिक्वेस्ट व्यवस्थित पोचतेय आणि पीसी रिप्लायही देतोय. (सोर्स आयपी डाव्या पीसीचाच, पण सोर्स मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्क पोर्टचा हार्डवेअर पत्ता, तिसऱ्या राउटरचा. आयपी टोकापासून टोकापर्यंत तोच राहतो, मॅक मात्र प्रत्येक राउटरपाशी बदलतो, हे वाचलेलं होतं पण डोळ्यांनी बघितलं तेव्हा फार भारी वाटलं.) आणि त्या रिप्लायच्या पाठोपाठ तिसऱ्या राउटरकडून डेस्टिनेशन अनरीचेबल, म्हणजे ‘तिथे पोचता येत नाही’ अशी तक्रार येत होती! ही तक्रार पॅकेट पाठवणाऱ्याकडे जाते, आणि रिप्लाय पाठवणारा उजवा पीसी, त्यामुळे डावीकडे काहीच कळत नव्हतं.

राउटरला रिक्वेस्ट कुठून आली होती हे लक्षात राहत नाही. रिप्लाय त्याच्यासाठी वेगळंच पॅकेट, तो डेस्टिनेशन बघतो, आपल्या राउटिंग टेबलात (वाटांच्या यादीत) जुळणारी ओळ शोधतो, नसेल तर पॅकेट टाकून देतो. तिसऱ्याच्या टेबलात डावीकडचं १९२.१६८.१०.० नव्हतंच. मधल्यावरून केलेलं पिंग चाललं कारण त्याचा सोर्स १०.०.२३.१ होता आणि ती लिंक तिसऱ्याला थेट जोडलेली.

तिसऱ्यावर १९२.१६८.१०.० चा राउट टाकला, नेक्स्ट हॉप (पुढचा राउटर) १०.०.२३.१, म्हणजे मधला. तरी टाइम्ड आउट! पण आता वायरशार्कमध्ये अनरीचेबल १०.०.२३.१ कडून येत होतं, म्हणजे रिप्लाय एक पाऊल पुढे सरकला होता, आणि तो एरर बघून मला खरंच आनंद झाला. मधल्याला मी ३०.० शिकवलं होतं, १९२.१६८.१०.० नाही. दोन्ही बाजूंचे राउट लागतात ते खरं तर त्यालाच, टोकाच्या दोघांना बाहेर पडायला एकच वाट असल्याने नुसता ०.०.०.०/० चा डिफॉल्ट राउटही (‘बाकी सगळं इकडे दे’) पुरला असता.

मधल्यावर १९२.१६८.१०.० साठी १०.०.१२.१ कडे, म्हणजे पहिल्या राउटरकडे जाणारा राउट टाकला आणि परत पिंग केलं. चारही रिप्लाय आले, प्रत्येकात टीटीएल (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकतं त्याचा आकडा) १२५. विंडोज १२८ पासून सुरू करतं आणि प्रत्येक राउटर एक कमी करतो, म्हणजे माझ्या तिन्ही राउटरांनी ते पॅकेट परत आणलं होतं.