यवतेश्वराच्या उतारावरचं पिवळं फूल : ओळख कुठवर आली

पहिला पाऊस मुरला की साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वराच्या उतारावर, मुरमाड जमिनीला अगदी खेटून, एक पिवळं फूल उमलतं. सहा पाकळ्या, रुंदी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. यंदा त्याची ओळख पक्की करायचीच, असं ठरवलं होतं.

बरोबरच्या काहींचं मत आयरिसच्या कुळाकडे झुकत होतं. ते उगाच नव्हतं. एकदल वनस्पती, पानं थेट जमिनीतून आलेली, पाकळ्या तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. त्याच कुळातल्या सिसिरिंकियमच्या पिवळ्या जातीचा फोटो शेजारी ठेवला तर शंका येतेच, जरी ते मूळचं अमेरिकेकडचं असलं तरी.

मात्र इथे पाकळ्या मोजून भागत नाही, पुंकेसर मोजावे लागतात. केशर घ्या, ग्लॅडिओलस घ्या, आयरिसच्या कुळात पुंकेसर तीन. या फुलात दहापट भिंगाखाली स्वच्छ सहा दिसले, प्रत्येक पाकळीसमोर एक. ते कूळ तिथेच बाद झालं. पानांनीही तेच सांगितलं. आयरिसवर्गीय पानं बहुधा चपटी, कडेकडेने एकमेकांत बसलेली, पंखा उघडावा तशी. आपल्या झाडाचं पान मात्र लांबीत घड्या पडलेलं आणि विरळ केसाळ. पाकळ्यांच्या पाठीवरही लांब केस आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ते छान उठून दिसतात.

म्हणजे कूळ हायपॉक्सिडेसी. आयरिसशी त्याचं लांबचं नातं आहेच, दोन्ही कुळं अ‍ॅस्पॅरागेलीस या एकाच गणातली, आणि दोन्हींत अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतो.

आता उमेदवार दोन उरले : हायपॉक्सिस ऑरिया आणि काळी मुसळी. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. हायपॉक्सिसची पानं गवतासारखी अरुंद, आणि फूल बारीक दांड्यावर, अंडाशयासकट जमिनीच्या वर. काळ्या मुसळीत जो देठ वाटतो तो देठ नसतोच. ती अंडाशयाची वर निघालेली लांब, बारीक चोच असते. अंडाशय स्वतः पानांच्या आवरणात, मातीखाली. काडीने बुडाजवळची ओली माती हळूच बाजूला केली, आवरण किंचित सैल केलं, आणि फिकट अंडाशय तिथेच सापडला. माती परत लोटून दाबून ठेवली.

तेव्हा नाव : काळी मुसळी, कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्रज्ञ गेर्टनरने 1788 मध्ये दिलेलं. पांढऱ्या फुलांची सफेद मुसळी वेगळी, ती क्लोरोफायटम.

कंद बाहेरून काळपट, आतून पांढरा असतो, पण तो बघायला झाड उपटलं नाही आणि कुणी उपटूही नये. औषधासाठी याचे कंद आधीच भरमसाट खणले जातात. ओळखीला फूल आणि पान पुरेसं आहे.

पुढचं काम पानांच्या टोकांवर. मुसळीचं पान वाकून मातीला टेकलं की टोकाशी मुळं फुटून नवं रोप धरतं. पावसाळा सरेपर्यंत खुणेच्या झाडांवर ते बघणार आहे. हायपॉक्सिसही शोधतोय. ठोसेघर-चाळकेवाडीकडे कुणाला दिसलं तर वरून काढलेल्या फोटोबरोबर एक आडवा, जमिनीच्या पातळीवरून घेतलेला फोटोही हवा. अंडाशय कुठे आहे ते त्यातच कळतं.